‘काम नाही, ओळख बोलते’: त्या फॉरवर्डला एका इन्स्ट्रुमेंटवालीचं उत्तर

‘करिअरची पाच कडू सत्यं’ या नावाचा एक मेसेज गेल्या पंधरवड्यात मला चारदा आला. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक, ८५ टक्के नोकऱ्या ओळखीवर भरतात, अर्ज करणं म्हणजे वेळ वाया. दोन, काम नाही, ओळख बोलते. तीन, नाती आपल्यापेक्षा वरच्यांशीच जोडा, खालच्यांवर वेळ घालवू नका. चार, रोज तीन नव्या लोकांना मेसेज टाका आणि सुटल्यावर साहेबांसोबत ‘बसा’. पाच, मराठी माणूस मराठी माणसाला वर येऊ देत नाही, तेव्हा आपल्यांवर विसंबू नका. शेवटी नेहमीप्रमाणे, दहा जणांना पाठवा.

असले मेसेज मी वाचून सोडून देते. हा सोडला नाही, कारण माझी भाची. कोपरखैरण्यात राहते, यंदाच डिप्लोमा झाला. परवा सांगते, “मावशी, मी अर्ज करणं बंद केलंय. आधी नेटवर्क बनवणार.” तिच्यासमोर मी तोंड उघडलं ते दोन तास मिटलं नाही. तेच जरा नीट लिहितेय.

मी २००३ पासून नवी मुंबईतल्या ठाणे-बेलापूर या कारखान्यांच्या पट्ट्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे, म्हणजे कारखान्यातली दाब-तापमान मोजणारी उपकरणं सांभाळते. लागले तेव्हा ठाण्याहून तुर्भ्याकडे लोकलसुद्धा नव्हती, ती पुढच्या वर्षी सुरू झाली. तोवर बसने लोंबकळत जायचो.

आधी त्या ८५ टक्क्यांचं बघू. हा आकडा आपल्याकडचा नाही. २०१६ साली लू अॅडलर या अमेरिकी भरती-सल्लागाराने एका ऑनलाइन पाहणीवर लेख लिहिला, त्यातून तो सुटला आणि जगभर फिरतोय. इंटरनेटवर विचारलेल्या प्रश्नावलीला ज्यांनी उत्तरं दिली त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेलं, इतकाच त्याचा पाया. त्यावरून महाप्याच्या गाळ्यातल्या भरतीचा हिशेब मांडायचा म्हणजे पुण्याच्या पावसावरून कोकणात पेरणी करण्यासारखं आहे.

जुना आणि जास्त काटेकोर अभ्यास मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा. १९७० च्या आसपास त्याने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, नुकतीच नोकरी बदललेल्या २८२ तांत्रिक आणि व्यवस्थापकीय पेशातल्या पुरुषांना विचारलं की ही नोकरी मिळाली कशी. ओळखीतून मिळाली म्हणणारे निघाले ५६ टक्क्यांच्या आसपास. अर्ध्याहून जास्त, हे कबूलच. पण जवळजवळ १९ टक्के असे होते जे कुणाच्याही ओळखीशिवाय थेट अर्ज घेऊन दारात उभे राहिले, आणि तितकेच जाहिरात किंवा एजन्सीतून लागलेले. म्हणजे वेळ वाया गेला म्हणतात ती वाट दर पाचांतल्या एकाला घेऊन गेली.

आपल्या पट्ट्यातही ओळखीचं वजन आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तीस-चाळीस कामगारांच्या युनिटमध्ये जाहिरात कोण देतो? मालक सुपरवायझरला म्हणतो, “बघण्यात कोणी आहे का रे?” आणि सोमवारी नवा माणूस मशीनवर असतो. पण त्याच पट्ट्यात मोठ्या कंपन्या आहेत, तिथे कुणी नाव सुचवलं तरी फॉर्म भरावाच लागतो, लेखी परीक्षा असते, मुलाखत असते. सरकारी नोकरीत तर जाहिरात आणि परीक्षाच. तिथे ‘ओळखीने महापालिकेत चिकटवतो’ म्हणणारा भेटला की तो नेटवर्क नसतो, तो तुमच्या आईच्या बांगड्यांवर डोळा ठेवून असतो. माझी स्वतःची पहिली नोकरी पेपरातल्या तीन ओळींच्या जाहिरातीवर मिळाली. रविवारी वॉक-इन होतं. दिवस जाणार हे ठाऊक होतं म्हणून डबा घेऊन गेले आणि रांगेतल्या दोघींबरोबर वाटून खाल्ला.

आता दुसरं आणि तिसरं सत्य एकत्रच घेते, कारण दोन्ही एकाच माणसाने माझ्यापुरती खोटी पाडली.

रबाळ्याच्या कंपनीत होते तेव्हा वर्षातून दोनदा कॅलिब्रेशनवाले एक गृहस्थ यायचे, आमची उपकरणं बरोबर मोजतात का ते तपासायला. खांद्याला बॅग, हातात मास्टर गेजची, म्हणजे ज्याच्याशी ताडून बघायचं त्या अचूक मापकाची पेटी. ते आमच्या पगारावर नव्हते, साहेबही नव्हते. बाहेरच्या लॅबचे टेक्निशियन, म्हणजे मेसेजच्या भाषेत ‘खालचे’. बहुतेक कंपन्यांत त्यांची गत काय व्हायची ते नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. गेटवर पास तयार नसतो. पेटी रजिस्टरला चढवायला वॉचमन सिक्युरिटी ऑफिसरची वाट बघतो. आत गेल्यावर कोणतं गेज कुठे आहे हे कुणालाच माहीत नसतं. शिडी नाही, पाना नाही, जेवणाची सुट्टी झाली.

मी काय करायचे, तर आदल्या दिवशी गेटपास करून ठेवायचे. प्रत्येक गेजच्या टॅग नंबरसकट यादी काढायचे, तपासणीची ड्यू डेट कोणाची आधी आहे त्या क्रमाने. जी प्रेशर गेज उतरवता येतात ती उतरवून, पुसून, स्टोअरच्या टेबलावर ओळीने मांडायचे. यात चांगुलपणा कमी आणि स्वार्थ जास्त होता. त्यांचा खोळंबा झाला की बॉयलरचं गेज उशिरा परत चढणार आणि प्रॉडक्शनवाले माझ्या नावाने शंख करणार. बोलणं व्हायचं ते चहापुरतं. त्यांना मी दिवाळीचा मेसेज कधी पाठवला नाही, त्यांनीही नाही.

चार वर्षांनी एका संध्याकाळी त्यांचा फोन. “मॅडम, महाप्याला एका ठिकाणी इन्स्ट्रुमेंटला माणूस पाहिजे. तुमचं नाव सांगितलंय मी. चालेल ना?”

मी विचारलं, “काय सांगितलंत?”

“म्हटलं, यांच्याकडे गेज पुसून ठेवलेली असतात.”

एवढंच. मुलाखत झालीच, तासभर झाली, पण समोरच्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला तो मी यादी कशी ठेवते याचा. पगार जवळजवळ दीडपट झाला.

आता सांगा, इथे काम बोललं की ओळख? काम जिभेवर घेऊन चालणारा माणूस म्हणजे ओळख. तो माणूस महिन्याला कितीतरी कंपन्यांचे गेट ओलांडतो. कुठे माणूस सोडून चाललाय, कुठे नवा प्लांट येतोय, कोणत्या साहेबाला कसली माणसं लागतात, हे त्याला आमच्या जनरल मॅनेजरपेक्षा आधी कळतं. मेसेज ज्यांना खालचे म्हणतो त्यांत हाच येतो, शिवाय स्टोअरवाला, स्पेअर पार्ट्सचा सेल्समन, पॅनेल वायरिंगचा कंत्राटदार. वरच्या साहेबांना तुम्ही मीटिंगमध्ये दिसता, या लोकांना कामावर दिसता.

आणि ग्रॅनोव्हेटरचा खरा शोधही हाच होता, तो त्याने १९७३ च्या लेखात मांडला. ओळखीने नोकरी लागलेल्यांपैकी ५४ जणांना त्याने विचारलं की ज्याने सांगितलं त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणारे १६.७ टक्के. वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा पण आठवड्यातून दोनदाहून कमी, असे ५५.६ टक्के. वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी, २७.८ टक्के. माझे कॅलिब्रेशनवाले बरोबर मधल्या गटात बसतात. कारणही साधं आहे. आमचा ठाणे-तुर्भे लोकलचा ग्रुप पाहा. वीस वर्षं एकाच डब्यात, एकमेकींची बाळंतपणं, सासवा, घरकर्ज सगळं ठाऊक. पण नोकरीची जी बातमी मला कळायची तीच त्यांना. जवळच्यांचं जग आपलंच जग असतं, लांबचा ओळखीचा दुसऱ्या जगातून बातमी आणतो. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या, लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी लोकांवरच्या प्रयोगातही नोकरी बदलायला मध्यम-विरळ ओळखीच सगळ्यात उपयोगी ठरल्या. फार विरळही नाहीत, फार घट्टही नाहीत.

मेसेजवाल्यांना एक गोष्ट कधी सुचत नाही. नाव सुचवणारा स्वतःचं काय पणाला लावतो? माझं बघा. सोसायटीतल्या एका काकांनी मुलासाठी गळ घातली. मुलगा नम्र, नमस्कार करणारा, येता-जाता ‘काकू, पिशवी द्या’ म्हणणारा. त्याचं काम मी कधी पाहिलं नव्हतं. तरी शब्द टाकला, लागला. तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीला आमच्या शिफ्ट इंचार्जनी तापमानाच्या नोंदींची लॉगशीट पाहिली, तर पहाटे सहाचं तापमान रात्री दोनलाच लिहून मोकळा झालेला. चारचंही. औषधांच्या कच्च्या मालाच्या कारखान्यात यापेक्षा मोठा गुन्हा कमी असतो. दुपारी तो गेटबाहेर होता.

त्याचं काय व्हायचं ते झालं, माझंही झालं. पुढे वर्षभराने मी खरोखर चांगल्या मुलीचं नाव नेलं, तर साहेब हसून म्हणाले, “मॅडम, सोसायटीतली नाही ना?” ती मुलगी रुजू व्हायला दोन महिने जास्त लागले. कॅलिब्रेशनवाल्यांनी माझं नाव घेतलं तेव्हा त्यांचीही एक चांगली कंपनी, एक गिऱ्हाईक पणाला होतं. दिवाळीच्या शुभेच्छांच्या बदल्यात असं काही कुणी पणाला लावत नाही.

चौथं सत्य. रोज तीन जणांना मेसेज. मी या तीन जणांमधली एक असते, वरचेवर. ‘हाय मॅम, प्लीज रेफर मी.’ सोबत बायोडेटा, त्यात फाइलचं नाव ‘फायनल फायनल २’. माझं नाव सोडा, माझी कंपनी काय बनवते हेही पाहिलेलं नसतं. याच्यावर करायचं काय? मी ‘बघते’ लिहिते आणि बघत नाही. वाईट वाटतं, पण खोटं कशाला बोलू.

मात्र एक मेसेज वेगळा होता. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, ट्रेनिंगला तळोज्याला. त्याने लिहिलं होतं, ‘मॅडम, आमच्या टाकीच्या पीटी-१०० चं रीडिंग पॅनेलवर दोन अंश जास्त येतं, टाकीजवळ मोजलं तर बरोबर येतं. केबल लांब आहे म्हणून असेल का?’ मला हसू आलं, आनंदाने. पीटी-१०० हा तापमानाचा सेन्सर, त्याचा विजेला होणारा रोध अंशामागे साधारण ०.३८५ ओहम वाढतो. दोनच वायरी जोडल्या असतील आणि केबलचाच रोध पाऊण ओहमच्या आसपास भरत असेल, तर पॅनेलला ते दोन अंश वाटणारच. केबलचा रोध हिशेबातून काढायला तिसरी वायर असते, म्हणून मी एका ओळीत विचारलं, तिसरी वायर जोडली आहे का? चार दिवसांनी उत्तर आलं, ‘जोडली. फरक गेला. सेन्सरला तीन वायरी होत्या, कुणीतरी एक कापून टेप लावली होती.’ आणि खाली कापलेल्या वायरीचा फोटो.

परत येऊन काय झालं ते सांगणारे फार थोडे. त्याला मी न मागता दोन ठिकाणं सांगितली, एका ठिकाणी तो लागला. रोज तीन गुणिले तीनशे पासष्ट मेसेज करत बसला असता तर माझ्या ‘बघते’च्या ढिगात असता.

आणि ते साहेबांसोबत ‘बसणं’. कुठे बसायचं ते सगळ्यांना माहीत आहे, शीळफाट्याकडचा ढाबा किंवा वाशीचा बार. दुसरी शिफ्ट सुटल्यावर घर गाठणाऱ्या बाईने, न पिणाऱ्या माणसाने, किंवा कर्जत लोकल पकडणाऱ्याने काय करायचं? ज्या कंपनीत बढतीचा रस्ता बाटलीवरून जातो तिथून मी स्वतः एकदा राजीनामा देऊन बाहेर पडलेय, म्हणून हा सल्ला वाचून डोकं फिरतं. दुपारच्या डब्याला जे बोलणं होतं, बंद पडलेल्या पंपाशेजारी उभं राहून होतं, ते पुरतं.

पाचवं सत्य म्हणजे खेकड्यांची गोष्ट. यावर फार शब्द खर्च करत नाही. वाशीच्या बाजार समितीत जा, पोती उचलणाऱ्या माथाडींत साताऱ्याकडच्या गावांतले किती भेटतात ते विचारा. एकाने दुसऱ्याला, त्याने भावकीतल्या तिसऱ्याला आणलं. अण्णासाहेब पाटलांनी या लोकांना संघटित केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. खेकड्यांच्या टोपलीतून असलं काही निघालं असतं का? आपण एकमेकांना मदत करतो, फक्त त्याला ‘नेटवर्किंग’ म्हणत नाही, आणि ज्याने केली नाही त्याचीच गोष्ट लग्नाच्या पंगतीत जास्त चालते.

भाचीने रविवारी सात अर्ज टाकले. शिवाय ट्रेनिंगला होती तिथल्या स्टोअरवाल्या दादांना फोन केला, कारण तिने निघताना त्यांचं स्टॉक रजिस्टर एक्सेलमध्ये उतरवून दिलं होतं. त्यांनी एक नंबर दिलाय, बघू.

राहिला तो दहा जणांना पाठवायचा हुकूम. मला हा मेसेज ज्या चौघांनी पाठवला त्यांतल्या तिघांना मी सध्या कुठे काम करते हे माहीत नाही. चौथ्याने मेसेजखालीच लिहिलं होतं, ‘ताई, तुमच्या कंपनीत माझ्या मेव्हण्याचं बघा ना.’ ती कंपनी मी तीन वर्षांपूर्वी सोडली.