हँडलावरची माटोळी

चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगलेली माटोळी बांधायची तर लाकडी चौकट लागते, सुंभ लागतं आणि ‘डावीकडे कलली रे’ असं खालून सांगणारं कुणीतरी वडीलधारं लागतं. मोटारसायकलच्या हँडलावर ती आपोआप बांधली जाते. आधी मोबाइलचा होल्डर लटकतो, मग यूएसबी चार्जर, मग एक जादा दिवा. एवढं सगळं बॅटरीच्या जिवावर टांगून झालं की बॅटरीची काळजी वाटू लागते, म्हणून शेवटी व्होल्टमीटर. काड्यापेटीएवढा, निळ्या आकड्यांचा, दोन वायरींचा. खोक्यावर ‘युनिव्हर्सल फिटिंग’ लिहिलेलं असतं. याचा अर्थ मी असा घेतो, की तो कुठल्याच हँडलाला धड बसत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं हँडल २२ मिलिमीटरचं. खोक्यातला क्लॅम्प मात्र पुष्कळदा एक इंची, म्हणजे २५.४ चा. चहूबाजूंनी दीड मिलिमीटरहून जरा जास्त फट राहते, आणि मीटर होकारार्थी मान हलवत बसतो. या फटीत लोक कागदाच्या घड्या घालतात, त्या मिरगाच्या पहिल्या सरीत लापशी होतात. इन्सुलेशन टेप गुंडाळतात, तिचा गोंद एप्रिलच्या उन्हात वितळून बोटांना लागतो. सायकलची जुनी ट्यूब कापून तिचे दोन वेढे द्यावेत, बास. क्लॅम्पचा बोल्ट स्टीलचा आणि आटे ॲल्युमिनियमचे असतील तर आधी ग्रीस लावा. नाहीतर खारा वारा त्या दोघांचं असं लग्न लावून देतो की पुढच्या वर्षी काडीमोड फक्त ड्रिल मशीनच करू शकतं.

जागेचा प्रश्न वेगळाच. हँडल लांबलचक दिसतं, पण मधली पकड, वाक, ब्रेक ऑइलची डबी, स्विचं आणि लिव्हर वजा केलं तर सरळ दांडा उरतो चार बोटं. तोही होल्डरनं आधीच बळकावलेला. मग आरशाच्या बुडाशी पट्टी बसवायची. ही युक्ती चांगली, फक्त काही गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. ते माहीत नसलेला माणूस सोडवतोय असं समजून आवळत राहतो. कुठेही बसवा, पण शेवटचा बोल्ट आवळण्याआधी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून बघा. मीटर टाकीला टेकतो का, क्लचची केबल त्याला ओढते का, हे तेव्हाच कळतं. वायरला ढील ठेवायची तीही हँडल पूर्ण वळवून. सरळ हँडलावर मापलेली वायर घरातून निघताना ठीक असते, पहिल्या यू-टर्नला तुटते.

आता वायर. खरा छळ इथे.

लाल वायर थेट बॅटरीला जोडणं सगळ्यांत सोपं, आणि म्हणूनच सगळे तेच करतात. मग गाडी बंद असली तरी मीटर चोवीस तास जागा. असा मीटर २० मिलिअँपिअर खातो असं धरलं, तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर झाला. साध्या गाडीची बॅटरी पाचाची. म्हणजे दहा-अकरा दिवस गाडी उभी राहिली, तर बॅटरी उतरली हे सांगायला बसवलेल्या यंत्रानंच ती उतरवलेली असते. शिवाय ती बातमी द्यायला तोवर त्याच्यातही जीव उरत नाही.

म्हणून चावी फिरवल्यावर चालू होणारी वायर शोधायची. हँडलाजवळची सोयीची जागा म्हणजे पुढच्या ब्रेकच्या लिव्हरखालचा स्विच. तिथे दोन वायरी असतात. एकीत चावी लावताच करंट येतो, दुसरीत ब्रेक दाबल्यावरच. मल्टीमीटर डीसी २० वर ठेवून बघा. चावी बंद असताना शून्य आणि लावल्यावर बारा दाखवेल, ती आपली. दुसरी धरलीत तर मीटर फक्त ब्रेक मारताना उजळेल, म्हणजे म्हैस रस्त्यात आडवी आली की बॅटरीची तब्येत कळेल. जुन्या गाड्यांत हेडलाइटची वायर तर धरूच नका. पुष्कळ गाड्यांत तिला कॉइलवरून थेट एसी येतो, आणि त्यावर आकडे शिगम्यातल्या घोडेमोडणीसारखे नाचतात.

एक अँपिअरचा फ्यूज जोडाच्या अगदी जवळ घाला. मीटर जळू नये म्हणून नव्हे. हँडलाच्या मानेत वायर घासून उघडी पडली आणि चेसिसला टेकली, तर हा फ्यूज नसताना गाडीचा मुख्य फ्यूज जातो. मग अनमोड घाटात काळोखात तुम्ही, गाडी आणि रातकिडे.

जोड सोल्डर करून त्यावर हीटश्रिंक, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी चढवायची. ही नळी जोडण्याआधी वायरीत ओवायची असते. हे वाक्य वाचूनही तुम्ही विसरणार. मीही दरवेळी विसरतो, सोल्डर थंड झालं की नळी समोर टेबलावर दिसते.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यापुढे खोक्यावरचं ‘वॉटरप्रूफ’ ही केवळ सदिच्छा. म्हणून लोक मीटरला चहूकडून सिलिकॉन फासतात. त्याला विंदालूसारखा व्हिनेगरचा वास आला, तर ते वायरीजवळ नको. त्यातलं आम्ल तांब्याला हिरवं करतं. बिनवासाचं न्यूट्रल सिलिकॉन मिळतं, ते घ्या. आणि खालचं बारीक भोक बुजवू नका, नाहीतर आत साचलेली वाफ बाहेर जात नाही आणि काचेवर कायमचं धुकं बसतं.

एवढं झालं की मीटर बोलू लागतो. गाडी उभी असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा, म्हणजे सगळं ठीक. पंधराच्या वर गेला तर चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर बिघडला. ब्रेक दाबला की आकडा जरा उतरतो, तो ब्रेकच्या बल्बचा वाटा. पण हे कळलं तरी नजर काही हटत नाही. चोडणच्या फेरीबोटीत गाडी बंद करून चावी तेवढी चालू ठेवायची आणि १२.६ चे १२.५ कधी होतात ते बघत उभं राहायचं. शेजारी पिवळ्या मडगार्डाचा पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, हँडलावर फक्त आरसे.

“हें कितें दाखयता?”

“बॅटरी किती उरली ते.”

तो मीटरकडे बघतो, मग खाली गाडीच्या पोटाकडे बघतो. “किक आसा न्हय?”