भुताला रंग नसतो म्हणे!

"भुताला ना जात, ना धर्म, ना रंग. भयपटात विविधता कोंबली की भीती मरते. जुने भयपट असलं काही न करता घाबरवायचे आणि नव्यांना प्रेक्षकांनी नाकारलंच आहे." भयपटांचा विषय निघाला की हे हमखास ऐकवलं जातं. यातला एकही तुकडा नीट टिकत नाही.

आधी 'जुन्या'बद्दल. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' 1968 चा. त्यातला नायक बेन कृष्णवर्णीय नट ड्वेन जोन्सने केला. पटकथेत बेनच्या रंगाचा उल्लेखच नव्हता. जोन्सची चाचणी सगळ्यांत चांगली झाली म्हणून त्याला घेतलं, असं दिग्दर्शक रोमेरो सांगत. पण रात्रभर प्रेतांशी झुंजून वाचलेल्या बेनला सकाळी बंदूकधारी गोरे लोक प्रेत समजून गोळी घालतात, तेव्हा त्या काळच्या अमेरिकेत त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. 1972 च्या 'ब्लॅक्युला'त तर आफ्रिकन राजपुत्र गुलामांचा व्यापार थांबवायला मदत मागतो, ती थेट ड्रॅक्युलाकडे. याला बिनराजकारणाचा जमाना म्हणायचं?

'भुताला जात नसते' हे क्षणभर मान्य करू. पण भूत ज्याला छळतं त्याला ती असते, आणि भयपटाची सगळी भिस्त त्याच्यावर असते. या प्रकारातला सर्वांत जुना, सर्वांत अवघड प्रश्न आठवा: हे लोक ते घर सोडून जात का नाहीत? बहुतेक लेखक इथे पाऊस पाडतात, गाडी बंद पाडतात. 'हिज हाउस' (2020) मध्ये दक्षिण सुदानमधून इंग्लंडला आलेलं निर्वासित जोडपं आहे. आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत सरकारने दिलेलं घर सोडायचं नाही, ही त्यांना घातलेली अटच आहे. भिंतीत भूत आणि बाहेर परत पाठवणीची टांगती तलवार. 'अंडर द शॅडो' (2016) मधली आई युद्धकाळातल्या तेहरानमध्ये जिनाच्या भीतीने मुलीला उचलून रस्त्यावर पळते, तर डोकं झाकलेलं नाही म्हणून तिला पकडतात आणि शेवटी तिला पुन्हा त्याच घरी परतावं लागतं. मला त्या सिनेमातलं सर्वांत भयानक दृश्य हेच वाटतं, आणि त्यात जिन कुठेच नाही. मल्याळम 'भ्रमयुगम'मधला तेवन खालच्या मानल्या गेलेल्या पाणन जातीचा गायक. वाड्याच्या मालकापुढे फासे टाकून तो स्वतःचं स्वातंत्र्यच हरतो. या माणसांची ओळख पुसून बघा. कथेतली भीती वाढत नाही, कथाच उरत नाही.

'कोंबली' या तक्रारीत मात्र तथ्य आहे. पोस्टरवर प्रत्येक रंगाचा एकेक चेहरा आणि कथेत त्यांना काडीचं काम नाही, असे सिनेमे निघतात आणि ते कंटाळवाणेच असतात. फक्त ही खोड आजची नव्हे. 'द शायनिंग' (1980) मधला हॉटेलचा कृष्णवर्णीय स्वयंपाकी हॅलोरन फ्लोरिडाहून बर्फातून वाट काढत त्या हॉटेलात पोहोचतो आणि थोड्याच वेळात कुऱ्हाडीने मारला जातो. मूळ कादंबरीत तो वाचतो. असल्या पात्रांवरचा उपाय त्यांना हाकलणं हा नसून त्यांना काहीतरी करायला देणं हा आहे.

राहिला प्रेक्षकांचा नकार. कृष्णवर्णीय नायकाचा 'गेट आउट' (2017) सुमारे 45 लाख डॉलरमध्ये बनला, जगभरात 25 कोटींच्या वर कमावून गेला, वर मूळ पटकथेचं ऑस्कर. त्यात भूतखेत नाही म्हणाल तर 'सिनर्स' (2025) घ्या: 1932 चं मिसिसिपी, कृष्णवर्णीय नायक, व्हॅम्पायर, आणि 35 कोटी डॉलरहून जास्त कमाई. त्यातलं चिनी किराणा दुकानदारांचं कुटुंब अनेकांना 'कोंबलेलं' वाटेल, पण मिसिसिपी डेल्टात असे चिनी दुकानदार खरोखर होते. शिवाय (पाहिला नसेल तर इथेच थांबा) व्हॅम्पायरला आत यायला कुणीतरी बोलवावं लागतं, आणि मुलीच्या काळजीने बेभान होऊन त्यांना आत बोलावते ती त्याच कुटुंबातली आई.