"यंत्रांनी माणूस बिघडवला" म्हणणाऱ्या त्या मेसेजला इंदूरहून उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तर कोणी ना कोणी तो परत परत टाकतंच असतं. थोडक्यात मजकूर असा की पूर्वी मशीन नव्हत्या पण माणसं धडधाकट होती आणि शंभरी गाठायची, बायका जात्यावर दळायच्या, विहिरीचं पाणी ओढायच्या म्हणून त्यांना दवाखाना माहीत नव्हता, मग यंत्रं आली आणि हातचं काम गेलं, मोबाइल आला आणि नाती गेली, कॅल्क्युलेटर आणि आता एआय आलं आणि डोकं गेलं, तेव्हा टेक्नॉलॉजी सोडा आणि जुन्या साध्या जीवनाकडे चला.

पाठवणारे बहुतेक माझ्या काका-मावशीच्या वयाचे आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि त्यांना जे खुपतंय ते सगळं खोटं नाहीये. "हा मेसेज मोबाइलवरूनच पाठवलात ना" असं म्हणून त्यांना गप्प करता येतं पण ते काही उत्तर नव्हे. मला एकेक मुद्दा धरून बोलायचंय, कारण या मेसेजमधून एक मोठी गोष्ट गाळलीये. ते जुनं काम करत कोण होतं?

आधी जातं आणि विहीर. जात्यावर दळण्याला व्यायाम म्हणणारा माणूस सहसा स्वतः जात्यावर बसलेला नसतो. पहाटे अंधारात उठायचं, अख्ख्या घराचं दळण काढायचं, मग पाणी, मग चूल, आणि अंगात ताप असला किंवा बाळंतपण तोंडावर आलं असलं तरी त्याला सुट्टी नाही. व्यायाम माणूस आपल्या मर्जीने करतो आणि दमला की थांबतो, हे थांबवता येत नव्हतं. आणि बायका गात गात दळायच्या म्हणजे सुखात होत्या असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या ओव्या एकदा नीट ऐकाव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्यात, त्यात विठ्ठल आहे, माहेर आहे, भाऊ आहे, आणि सासरचा जाच, पोरीच्या जन्माचं दुःख, दुखणारे हातही आहेत. गाणं सुंदर होतं हे मला शंभर टक्के मान्य, पण ते गाणं त्या कष्टातून निभावून नेण्यासाठी होतं. पिठाची गिरणी आली तेव्हा डबा घेऊन रांगेत सगळ्यात पुढे कोण उभं राहिलं असेल ते काही फार विचार करून शोधावं लागत नाही.

पाण्याचं तर इंदूरवाल्यांना वेगळं सांगायलाच नको खरं म्हणजे. नर्मदेचं पाणी यायच्या आधी हे शहर यशवंत सागर, बिलावली हे तलाव आणि विहिरी-बोअरवर चाललं होतं, उन्हाळ्यात पाण्यासाठी रडकुंडीला यायचं. १९७० मध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी शहरात मोठं आंदोलन झालं, विद्यार्थी उतरले, कामगार उतरले, आणि १९७८ मध्ये पाणी इंदूरला पोचलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून साधारण सत्तर किलोमीटर लांबून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून. म्हणजे इथल्या लोकांनी टेक्नॉलॉजी नको म्हणून नाही, टेक्नॉलॉजी हवी म्हणून रस्त्यावर येऊन भांडण केलं होतं! आमची आजी सांगायची की रात्री उठून हंडे लावायचे, सकाळी तेच पाणी पुरवून पुरवून वापरायचं, आणि घरातल्या पुरुषमाणसांना त्यातलं काही कळायचंसुद्धा नाही कारण ते उठायचे तेव्हा आंघोळीचं पाणी तयार असायचं. मेसेजमधलं साधं सुखी जीवन ज्यांना आठवतं, त्यांना बहुतेक ती तयार बादली आठवत असते.

आता कोणी म्हणेल, मग इंदूरच्याच भागीरथपुरा वस्तीचं काय? बरोबर आहे, ते मी टाळणार नाही. २०२५ च्या डिसेंबरात तिथे पिण्याच्या लाइनमध्ये ड्रेनेजचं पाणी मिसळलं आणि माणसं गेली, ज्या शहराचा स्वच्छतेत २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिला नंबर आला त्या शहरात गेली. पण यातून नळ वाईट आणि विहीर चांगली असं निघतं का? पाइप टाकून झालं, फोटो काढून झाला, की ती लाइन तपासणं, लीकेज शोधणं, नळाला घाण वास येतोय म्हणून लोक सांगतायत ते ऐकणं, हे काम कुणाच्या लेखी महत्त्वाचं नसतं. मशीन एकदा बसवून होत नाही, तिच्यामागे रोज माणसं लागतात, आणि त्या माणसांवर पैसा खर्च करायला कोणी तयार नसतं. राग तिथे काढा ना.

पुढचा मुद्दा, लोक शंभरी गाठायचे आणि दवाखाने रिकामे असायचे. हा मात्र सरळसरळ चुकीचा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, आज ते सत्तरच्या आसपास आहे. याचा अर्थ तेव्हा सगळे बत्तिशीत जायचे असा नाही, पण लेकरं इतकी जायची, बाळंतिणी इतक्या जायच्या की सरासरी तिथे यायची. जो पणजोबा नव्वदीपर्यंत जगला त्याचा फोटो भिंतीवर राहिला, त्याची जी भावंडं पाळण्यातच गेली त्यांचं नावसुद्धा कुणी सांगत नाही. दवाखाने रिकामे असतील तर ते दवाखानेच नव्हते म्हणून.

आणि इंदूरला प्लेग काय होता ते विसरलो का आपण? १९१७ मध्ये होळकर दरबाराने पॅट्रिक गेडेस या स्कॉटिश शहर-नियोजकाला बोलावलं होतं, तेव्हा शहरात प्लेगची दहशत होती. त्याने त्या दिवाळीला मिरवणूक काढायला लावली, त्यात प्लेगचा भलामोठा उंदीर होता, घाणीचा राक्षस होता, आणि ज्या मोहल्ल्यांनी घरं झाडूनपुसून साफ केली तिथून मिरवणूक जाणार असं जाहीर केलं, लोकांनी गाडे भरभरून कचरा बाहेर काढला. १९१८ मध्ये त्याचा इंदूरवरचा रिपोर्ट आला, त्यात नाल्या, बागा, घरं, पाणी सगळ्याचा विचार आहे. मला हा किस्सा फार आवडतो कारण त्यात परंपरा आणि विज्ञान एकमेकांशी भांडत नाहीयेत, दिवाळीच कामाला लावलीये. आज आपल्या दारात गाणं वाजवत येणारी कचऱ्याची गाडी, तिला लावलेलं जीपीएस, रोज ५५० टन ओला कचरा खायची क्षमता घेऊन २०२२ मध्ये सुरू झालेला आणि त्यातून बायो-सीएनजी बनवणारा प्लांट, हे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे. पण ती गाडी जीपीएसनी चालत नाही, पहाटे उठून येणाऱ्या माणसांनी चालते, ओला-सुका वेगळा न करता देणाऱ्याला तेच रोज सांगतात, आणि नंबर आल्याच्या बॅनरवर त्यांचे फोटो किती असतात ते बघा.

आता मशीननी रोजगार खाल्ला, हा मुद्दा. इथे मला जरा जास्त थांबायचंय कारण हे दुःख आमच्या शहराचं खरं आहे. मालवा मिल, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याण, या मिलच्या भोंग्यांवर अर्धं शहर उठायचं. आणि पहिली गोष्ट म्हणजे त्या मिल म्हणजेच तर यंत्रं होती! हातमागवाल्यांच्या पोटावर पाय आणून मिल आल्या आणि त्याच मिलनी खेड्यातून आलेल्या हजारो घरांना पक्का पगार दिला. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, जे बघायला आपण रात्र रात्र जागतो, ते याच मिलच्या कामगारांची देणगी, लाइटिंग आणि हलणाऱ्या मूर्ती. यंत्रांनी कला मारली म्हणणाऱ्यांनी एकदा हे आठवावं, मोटर आणि पट्टा ज्यांच्या हातात होता त्यांनीच ती कला उभी केली आणि मिल बंद पडून इतकी वर्षं झाली तरी झांक्या निघतातच.

मग मिल का बंद पडल्या? मशीन फार आधुनिक झाली म्हणून? उलट आहे. जुन्या मशीन बदलल्याच नाहीत, बाहेर पॉवरलूमचा स्वस्त माल आला, मालकांनी मिलमध्ये पैसा घालणं थांबवलं आणि शेवटी कुलूप लागलं. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली. कामगारांचे हक्काचे पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, सुमारे ४,८०० कामगारांचे जवळजवळ २२४ कोटी, बत्तीस वर्षांनी, तोवर कित्येक कामगार गेले होते आणि त्यांच्या बायकामुलांनी कागद जमा केले. त्या बत्तीस वर्षांत पैसे कोणत्या मशीननी अडवले होते? कोर्टकज्जे, जमिनीचा वाद, कोणाला घाई नसणं, हे सगळं माणसांनी केलंय. "यंत्राने रोजगार खाल्ला" असं म्हटलं की ज्यांना जाब विचारायला हवा ते सगळे सुटतात, आणि मला या मेसेजचा सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो.

याच्या शेजारी बँकांचं उदाहरण ठेवा. ऐंशीच्या दशकात बँकेत कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर युनियन भडकल्या होत्या, पण १९८३ मध्ये करार झाला, मशीन किती, कुठे, चालवणाऱ्याला वेगळा भत्ता किती, हे सगळं त्यात बसून ठरवलं. पुढे १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीने बँकांच्या कॉम्प्युटरीकरणाची दिशा आखली. आपल्या घरांतले कितीतरी काका-आत्या बँकेत होते, लेजर सोडून कीबोर्डवर आले आणि पूर्ण पेन्शन घेऊन रिटायर झाले. यंत्र बँकेतही आलं, मिलमध्येही होतं, फरक इतकाच की बँकेत काम करणाऱ्याला टेबलावर बसायला खुर्ची होती.

म्हणूनच आज जो पोरगा रात्री अकराला विजयनगरहून तुमचं पार्सल घेऊन येतो त्याच्याकडे बघितल्यावर माझ्या मनात मोबाइलबद्दल राग येत नाही, त्याच्या अटी कोण ठरवतं हा प्रश्न येतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या रिपोर्टमध्ये असे गिग कामगार, म्हणजे पक्की नोकरी नसलेले, कामागणिक पैसे मिळणारे, २०२०-२१ ला ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत २.३५ कोटी होतील असा अंदाज आहे. रेटिंग कमी झालं की काम कमी, अपघात झाला की त्याचं तो बघेल, बॉस दिसतच नाही कारण तो ॲप आहे. ॲपमागे माणसंच बसलीयेत आणि नियम त्यांनीच लिहिलेत. एआयची भीती वाटते त्यांनाही मी हेच म्हणीन, आपली सुपर कॉरिडॉरवर, म्हणजे इंदूरच्या आयटी कंपन्यांच्या पट्ट्यात, नोकरी करणारी पोरं घाबरलीयेत आणि त्यांची भीती खरी आहे, पण एआय नको म्हणून ती भीती जाणार नाही, नव्या कामाचं शिक्षण कोणाच्या खर्चाने, कामावरून काढलं तर काय देणार, हे आत्ताच, करार लिहिताना विचारावं लागेल.

डोकं गेलं म्हणतात त्याबद्दल थोडक्यात. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असणारे आजोबा मलाही आठवतात आणि त्यांचं मला अप्रूप आहे. पण १९५१ ला देशात शंभरातले अठराच जण साक्षर होते, बायकांमध्ये नऊसुद्धा नाही. म्हणजे ज्या तल्लख डोक्यांची आठवण काढतो ती ज्यांना पाटी मिळाली त्यांची डोकी होती. मुलाने एआयकडून निबंध लिहून घेतला तर तो शिकत नाही हे अगदी खरं, त्याला आधी स्वतः लिहायला लावा, मग विचारू दे, आणि आलेलं उत्तर तपासायला शिकवा कारण ते बिनदिक्कत चुकीचं सांगतं.

नात्यांचं म्हणाल तर इंदूरची मराठी घरं मोबाइलच्या कितीतरी आधीपासून पुण्या-मुंबईला नोकरीसाठी पांगलीयेत. तेव्हा ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट बघायची, आणि तार आली की वाचायच्या आधीच घरात रडारड. आज आई रोज नातवाला जेवताना बघते. पण हेही खरं की मोबाइलमधली ॲप तुम्हाला सोडायचं नाही अशाच हिशोबाने बनवलीयेत, खाली सरकवत राहा, संपतच नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना यात कोणी समजावून सांगत नाही म्हणून पोलीस असल्याचं सांगून घाबरवणारे, पैसे उकळणारे 'डिजिटल अरेस्ट'सारखे फोन त्यांनाच फसवतात. या मुद्द्यावर मी मेसेजवाल्यांच्या बाजूनेच उभी आहे, जेवायच्या ताटावर फोन नको.

राहिलं ते शेवटचं वाक्य, टेक्नॉलॉजी खूप झाली, आता सोडा. कुणाकडे खूप झाली? हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध या देशात १९९३ मध्ये एक कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा झाला, त्यात संरक्षणाच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणंही गुन्हा ठरलं, तरी सीवरमध्ये गुदमरून माणसं मेल्याची बातमी येतच राहते. साफ करायचं मशीन अस्तित्वात आहे, गॅस मोजायचं यंत्र आहे, पण मशीनपेक्षा तो माणूस स्वस्त पडतो म्हणून त्याला दोरी बांधून खाली सोडतात. साध्या जुन्या जीवनाकडे परत चला असं जेव्हा आपण लिहितो तेव्हा त्या मॅनहोलपाशी उभ्या असलेल्या माणसाला आपण काय सांगतोय, काका, एवढं एकदा बघून मग तो मेसेज पुढे पाठवा.