कॉफी घरी भाजा, पण थर्मोस्टॅट काढून नको

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: ‘चिकमगळूरच्या कच्च्या बिया मागवा. भाजायला मायक्रोवेव्हमध्ये दहा मिनिटं, नाहीतर हेअर ड्रायर किंवा पॉपकॉर्न मशीन. मशीन मध्येच बंद पडलं तर थर्मोस्टॅट काढून वायर थेट जोडा. बिया जितक्या काळ्या तितकी कॉफी कडक. गरम असतानाच दळा आणि प्या.’

घरी कॉफी भाजायला माझा विरोध नाही. उलट प्रत्येकानं एकदा तरी भाजून बघावी असं मनापासून वाटतं, म्हणूनच हा मेसेज खटकतो. त्यातल्या एका सूचनेनं आग लागू शकते, उरलेल्यांनी चांगल्या बिया वाया जातात.

आधी मायक्रोवेव्ह. कच्च्या बीत 10 ते 12 टक्के पाणी असतं. ते उडालं की बी पिवळी पडते, मग तपकिरी होते आणि 200 अंशांच्या आसपास तडतडते. तोपर्यंत बी सतत हलती राहायला हवी आणि आच सगळीकडून सारखी लागायला हवी. मायक्रोवेव्हमध्ये दोन्ही होत नाही. एक बी आतून कोळसा होते, शेजारची हिरवीच राहते. हेअर ड्रायरच्या हवेनं तर बी नुसती वाळेल, तेवढी उष्णता त्यात नाहीच. भाजलेल्या बिया गार करायला त्याचा गार झोत मात्र कामाचा आहे.

पॉपकॉर्न मशीनमध्ये तथ्य आहे. गरम हवेच्या छोट्या मशीनमध्ये कॉफी खरोखर छान भाजते, कारण हवाच बिया घुसळत राहते. पण कुठलं मशीन, हे मेसेज सांगत नाही. भांड्याच्या कडेला तिरक्या फटी असतील तर बिया गोल फिरतात आणि फोलपटं (भाजताना सुटणारी बीची पातळ सालं) वरून उडून जातात. तळाला जाळी असेल तर तीच फोलपटं खाली तापलेल्या कॉइलवर पडून पेट घेतात. असलं मशीन कॉफीला वापरूच नका. चांगल्या मशीनमध्येही एका घाण्याला 70-80 ग्रॅम पुरे. कच्च्या बिया जड, हवेला उचलत नाहीत, म्हणून सुरुवातीला लाकडी चमच्याच्या दांड्यानं हलवत राहा.

आता तो थर्मोस्टॅट. पॉपकॉर्न तीन-चार मिनिटांत होतात, कॉफीला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. मशीन मध्येच बंद पडतं ते जास्त तापल्यामुळे, आणि तेव्हा वीज तोडणारा भाग म्हणजेच थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट काढला आणि पंखा अडकला, तर कॉइल थांबवायला काही उरत नाही. बंद पडलं तर बिया कमी घ्या, दोन घाण्यांमध्ये मशीन पूर्ण गार होऊ द्या. अमेरिकेतल्या पाहुण्यांकडून मशीन मागवणार असाल तर तिथलं 120 व्होल्टचं असतं, आपल्याकडे 230. थेट लावलं की कॉइल साडेतीन पटींहून जास्त वीज खेचते आणि जळते.

‘काळी तितकी कडक’ हे साफ चूक. भाजण्यानं कॅफीन फारसं बदलत नाही, वाढतो तो कडवटपणा. सुमारे 225 अंशांना दुसरी तडतड सुरू होते, तेल वर येतं, धूर दाटतो. दुधाची कॉफी करणाऱ्यांनी (गंगावेशीतलं म्हशीचं दूध असेल तर नक्कीच) या दुसऱ्या तडतडीच्या तोंडाशी उतरवावी. बिनदुधाची हवी तर पहिली तडतड संपली की लगेच.

गरम असतानाच दळू नका. ताज्या भाजलेल्या बीतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत असतो, त्यामुळे पाणी पुडीत नीट मुरत नाही. पहिला दिवस बरणीचं झाकण सैल ठेवा, दोन-तीन दिवसांनी दळा. मिक्सरचं चटणीचं भांडं नको, कांदा-लसूण मसाल्याचा वास जाता जात नाही.

मेसेजमध्ये नसलेलं उत्तम साधन घरोघरी आहे: जाड लोखंडी कढई. चटणीसाठी तीळ-खोबरं भाजणाऱ्या हाताला वेगळं शिकवावं लागत नाही. 150 ग्रॅम बिया, मध्यम आच, न थांबता उलथणं, साधारण पंधरा मिनिटं. रंग थोडा कमी-जास्त येईल, चव चांगलीच येते. नॉनस्टिक मात्र घेऊ नका, 260 अंशांपुढे त्याचा थर खराब होऊ लागतो आणि कोरडं भांडं तिथवर पटकन पोचतं. उतरवल्यावरही बी आतून भाजतच असते, म्हणून लगेच दोन स्टीलच्या चाळण्यांत वरखाली करून गार करा, मग गॅलरीत सुपानं पाखडा. किलोचे 800 ते 880 ग्रॅम भरतील, हा हिशेबही धरा.

ओटीजीला (घरगुती विजेच्या ओव्हनला) फिरता दांडा असेल तर उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरकडून भोकाच्या स्टील पत्र्याचा छोटा ड्रम करून घ्या. भोकं बीपेक्षा लहान हवीत आणि पत्रा जस्ताच्या मुलाम्याचा नको. ओटीजी आधी पूर्ण तापवा, खिडकी उघडी ठेवा आणि शेजारीच उभे राहा. फिरत्या ड्रममधला रंग काचेतून नीट कळत नाही, तडतड ऐकूनच ठरवावं लागतं.