टाक्यांत लाखो आहेत, म्हणून काय झालं?

भाचीने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, मग आपण उगाच हळहळतो का?" मजकूर असा: ॲक्सोलॉटल हा मासा अमर आहे, काहीही कापा, पुन्हा उगवतं. पाण्यात आयोडीनचे थेंब टाका, तो जमिनीवर चालायला लागतो. आणि जगभरच्या टाक्यांत लाखो असताना तो नामशेष होतोय ही निव्वळ आवई. कमी पडलेच तर टाकीतले तळ्यात सोडा.

पहिली चूक 'मासा' या शब्दातच. हा सॅलॅमँडर, बेडकाचा नातेवाईक. अमरही नाही; टाकीत नीट सांभाळला तर १०-१५ वर्षं जगतो. पाय, शेपटी, मज्जारज्जू, मेंदूचासुद्धा काही भाग पुन्हा वाढतो, हे मात्र खरं. मान्य. पण एकच पाय वारंवार कापला की पुढे तो धड उगवत नाही, हे २०१७ साली प्रयोगातच दिसलंय.

आयोडीनचं तर ऐकूनच डोकं फिरलं. आयोडीन लागतं थायरॉइडचं संप्रेरक बनायला; ते पुरेसं न बनल्यामुळे हा प्राणी कल्ल्यांसकट जन्मभर पाण्यात राहतो. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सले यांनी १९२० साली त्याला थायरॉइड ग्रंथी खाऊ घालून रूपांतर घडवलं, तेही प्रयोगशाळेत. घरी थेंब टाकून बघणं म्हणजे मुक्या जिवाचा छळ.

आता ते 'लाखो'. निसर्गात हा उरलाय फक्त मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडच्या शोचिमिल्कोच्या कालव्यांत. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातले लुईस झाम्ब्रानो आणि त्यांचे सहकारी तिथे वर्षानुवर्षं मोजणी करतायत. १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० सापडले, २००८ मध्ये १००, आणि २०१४ मध्ये ३६. तुमच्या टाक्या भरलेल्या असताना हे झालंय! सांडपाणी हे एक कारण. दुसरं म्हणजे कार्प आणि तिलापिया. लोकांना खायला मिळावेत म्हणून, चांगल्याच हेतूने सोडलेले हे मासे अंडी-पिल्लं फस्त करतात. 'तळ्यात सोडा' म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

शिवाय टाकीतला आणि कालव्यातला प्राणी एकच, हेही खरं नाही. प्रयोगशाळांमधला वंश बराचसा १८६० च्या दशकात पॅरिसला नेलेल्या ३४ प्राण्यांवरून आलाय, आणि १९६२ साली त्यात टायगर सॅलॅमँडर या दुसऱ्याच जातीचा संकर मिसळला. टाकीतली बुरशी आणि विषाणू सोबत जातील ते वेगळंच.

हो, सोडून जगवता येतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच गटाने बंदिवासात वाढवलेले १८ ॲक्सोलॉटल ट्रान्समीटर बसवून सोडले; जे पुन्हा पकडले त्यांचं वजन वाढलेलं होतं. पण सोडले कुठे? एक जागा खास घडवलेली पाणथळ, दुसरी दुरुस्त केलेली चिनाम्पा, म्हणजे तिथली पाण्याने वेढलेली पारंपरिक शेती. चिनाम्प्यांच्या कालव्यांची तोंडं तिथले शेतकरी आणि संशोधक मिळून गाळण्या लावून बंद करतात, कार्प आत येऊ नयेत म्हणून. आधी पाणी, मग प्राणी.