अनुदान अनुवादकाला नव्हे, प्रकाशकाला

कॅटलान ही स्पेनच्या ईशान्येकडच्या कॅटलोनियाची भाषा. तिथल्या संस्कृतीवरच्या एका लेखात तिच्या परदेशातल्या ओळखीचं श्रेय मानवी मनोरे आणि फुटबॉलला दिलंय. ते दिसतं खरं, पण भाषा पोचते ती पुस्तकांतून. २००२ पासून कॅटलान भाषा आणि साहित्य परदेशात पोचवण्याचं काम मुख्यतः रामोन ल्युल ही सरकारी संस्था पाहते. २००७ च्या फ्रँकफर्ट पुस्तक मेळ्यात कॅटलान संस्कृती सन्माननीय पाहुणी होती, त्याची तयारीही तिचीच.

मराठीत कुणाला कॅटलान पुस्तक आणायचं असेल तर एक लक्षात घ्या : या संस्थेच्या अनुवाद-अनुदानासाठी अर्ज प्रकाशकाने करायचा असतो. आधी मूळ हक्कधारकाशी करार, मग अनुवादकाशी मानधनाचा करार. दोन्ही हातात नसतील तर अर्ज अडलाच म्हणून समजा. हे पैसे अनुवादाच्या मानधनापुरते. छपाईचा खर्च त्यात बसवू नका.

खरी गडबड पुढे होते. स्पॅनिश किंवा इंग्रजी आवृत्तीवरून अनुवाद केला की नावं स्पॅनिश वळणाने येतात. कॅटलानमध्ये J हे अक्षर 'झ'च्या जवळचं, म्हणून Jaume हे नाव 'झाउमे'. स्पॅनिश सवयीने त्याचा 'खाउमे' होतो. X बहुधा 'श', शब्दाच्या शेवटचा R अनेकदा मुका, म्हणून Xavier चा 'शाविए'. गंमत म्हणजे आपलं 'बार्सेलोना' कॅटलान उच्चाराला जवळचं आहे, माद्रिदकडचा माणूस 'बार्थेलोना' म्हणेल.

दोन L च्या मधला उंचावरचा ठिपकाही (l·l) मूळ नावं छापताना गळतो. तो गेला की 'ल्ल'चा 'ल्य' होतो. मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा.