पश्चिमेची खिडकी आणि एक जुनी चादर

आमच्या बेडरूमला पश्चिमेला भली मोठी खिडकी आहे, उन्हाळ्यात दुपारी चारनंतर त्या खोलीत माणूस बसला की पापडासारखा भाजून निघतो. लाकडी चौकट वाकलेली, एक झडप बंद होत नाही, दुसरी उघडत नाही. तर मी म्हटलं बदलून टाकू. इथेच चुकलो.

दोन रात्री जागून वाचलं. डबल ग्लास, मधे 12 ते 16 मिमीची पोकळी, त्यात आर्गॉन वायू, काचेवर लो-ई कोटिंग (उष्णता परतवणारा, डोळ्यांना न दिसणारा पातळ थर), अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम घ्यायची तर थर्मल ब्रेकवाली, म्हणजे आतल्या-बाहेरच्या धातूमधे उष्णता अडवणारी पट्टी असलेली, नाहीतर फ्रेमच तापते. शिवाय एसएचजीसी नावाचा 0 ते 1 मधला आकडा, उन्हाची किती उष्णता खिडकीतून आत येते ते सांगणारा, कमी तेवढा बरा. बायको म्हणाली, "पण पडदा आहे की!" मी एकदम प्राध्यापकी थाटात, अगं ऊन काचेतून आत आलं की खेळ खलास, पडदा तापणार आणि ती उष्णता घरातच राहणार, ऊन अडवायचं तर बाहेरच. (हे वाक्य लक्षात ठेवा, तिने ठेवलं.)

मिस्त्रीने जुनी चौकट उपटली, सोबत अर्धा गिलावाही आला. नवी खिडकी लावायला गेला तर दोन इंच छोटी. माप कुणी घेतलं यावर त्याच्यात आणि त्याच्या पोऱ्यात बराच वेळ चर्चा झाली, शेवटी "परवा आणतो" म्हणून गेले. तो परवा नऊ दिवसांनी उगवला. तोवर भिंतीला भगदाड, म्हणून बायकोने बाहेरच्या ग्रिलला एक जाड जुनी चादर बांधली. आणि काय सांगू, खोली इतकी गार कधीच नव्हती! ऊन बाहेरच अडलं, वारा कडेने आत.

शेवटी खिडकी बसली, चकाचक, सिलिकॉन वगैरे मारून. सरकती असल्याने ती अर्धीच उघडते हे तेव्हा कळलं. बरं, काचेच्या नादात मी तो एसएचजीसीचा आकडा बघायचा विसरलो तो विसरलोच. तिसऱ्या दिवशी चादर परत ग्रिलला. मी काही बोललो नाही, कुठल्या तोंडाने बोलणार.

काल मिस्त्री कामाचा फोटो काढायला आला. म्हणाला, "वहिनी, ती चादर जरा बाजूला करता का?"

"ऊन उतरल्यावर या."